चांगलं वागूनही वाट्याला वाईटपणा का येतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात थोरले म्हणून भावंडांची शिक्षणं तुम्ही केलीत, ऑफिसात कुणाचंही अडलेलं काम अंगावर घेतलंत. आणि आता एका वादात धाकट्या भावाने तुम्हाला ऐकवलं, ‘तू जे केलंस ते स्वतःच्या मोठेपणासाठी केलंस.’ त्याच सुमारास ऑफिसात तुमच्या पाठीमागे तुमची टिंगल होते, हेही कानावर आलं. माणूस मुळात चांगला असतो का, आणि ज्यांना चांगुलपणाची किंमत नाही त्यांच्याशी यापुढे चांगलं वागावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं समुपदेशनाचं काम करते आहे. हा प्रश्न घेऊन येणारी माणसं बहुतेक वेळा खरोखरच चांगली असतात आणि पार थकलेली असतात. म्हणून उत्तर जरा विस्ताराने देते.

‘माणूस मुळात कसा’ हा भाग आधी घेऊ, कारण तो त्यामानाने लवकर आटोपतो. २००६ साली फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी अठरा महिन्यांच्या बाळांबरोबर काही प्रयोग केले. त्यातला एक मला फार आवडतो. एक अनोळखी माणूस दोरीवर कपडे वाळत घालतोय. त्याच्या हातून चिमटा खाली पडतो. तो हात लांबवतो, पण पोहोचत नाही. हे बघणारं बाळ उठतं, डुगडुगत जातं आणि चिमटा उचलून त्याच्या हातात देतं. कुणी सांगितलेलं नसतं, शाबासकीही मिळायची नसते. चिमटा त्याने मुद्दाम फेकलेला असला, तर मात्र बाळं सहसा धावत नाहीत. म्हणजे समोरच्याला खरी अडचण आहे की नाही, एवढं त्यांना कळतं. दोन वर्षांनी याच दोघांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मदत केल्याबद्दल ज्या बाळांना खेळणं बक्षीस मिळालं, ती पुढे कमी मदत करायला लागली. ज्यांना काहीच मिळालं नाही, ती मात्र करत राहिली.

सहा आणि दहा महिन्यांची बाळंसुद्धा मदत करणाऱ्याला पसंत करतात आणि अडवणाऱ्याला टाळतात, असं २००७ सालच्या एका प्रयोगात दिसलं होतं. त्याचा पुष्कळ गवगवा झाला. पुढे अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून तो मोठ्या प्रमाणावर पुन्हा केला, तेव्हा तशी पसंती आढळली नाही. त्यामुळे चांगलं-वाईट जन्मतःच कळतं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याची ओढ फार लवकर जागी होते, एवढं नक्की. हिसकावणं आणि चावणंही त्याच वयात सुरू होतं. दोन्ही आपल्यातच असतं आणि कोणतं वर येईल ते पुष्कळदा प्रसंगावर ठरतं.

प्रसंगाचा हा जोर किती असतो, याची आपल्याला कल्पना नसते. १९७३ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन इथे धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण करायला सांगितलं. काही जणांचा विषय तर वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या भल्या माणसाची बायबलमधली गोष्ट हाच होता. वाटेत एक माणूस दारात कण्हत, खोकत बसलेला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. ज्यांना ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलं होतं, त्यांच्यातले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता, याने म्हणावा असा फरक पडला नाही. माणसं तीच, शिकवण तीच, घड्याळ तेवढं बदललं. लोक माझ्याकडे येऊन ‘अमुक माणूस असलाच’ असं सांगतात तेव्हा मला हे विद्यार्थी आठवतात.

उलट टोकाचंही एक उदाहरण सांगते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४० देशांत मिळून १७ हजारांहून जास्त पाकिटं बँका, हॉटेलं, टपाल कचेऱ्या अशा ठिकाणी ‘सापडली’ म्हणून काउंटरवर नेऊन दिली. काही रिकामी होती, काहींत पैसे होते. जास्त पैसे असले की लोक ते दाबतील, असा सामान्य लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात काय होईल ते अर्थतज्ज्ञांनाही ओळखता आलं नाही. झालं उलटं. रिकाम्या पाकिटांच्या मालकांशी सुमारे ४० टक्के वेळा संपर्क साधला गेला, पैसे असलेल्यांच्या बाबतीत ५१ टक्के वेळा. तीन देशांत आणखी मोठी रक्कम ठेवून पाहिली, तेव्हा प्रमाण आणखी वाढलं. दुसऱ्याचं नुकसान जितकं मोठं, तितकं आपण चोर ठरू ही टोचणी मोठी. आपण एकमेकांना आहोत त्यापेक्षा वाईट समजतो, हे मला यातून सगळ्यात जास्त भिडतं.

असं का समजतो? कारण वाईट गोष्ट मनात मोठ्याने वाजते आणि चांगली आवाज न करता निघून जाते. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला. ३८ शेजाऱ्यांनी तो बघितला आणि एकानेही काही केलं नाही, अशी बातमी आली. माणुसकी संपल्याचा दाखला म्हणून ती पुढची पन्नास वर्षं जगभर सांगितली गेली. नंतर नीट तपासल्यावर कळलं, की तो आकडा आणि ते चित्र दोन्ही फुगवलेलं होतं. बहुतेकांना काय चाललंय ते दिसलंच नव्हतं. आणि एक शेजारीण, हल्लेखोर अजून तिथेच आहे की गेला हे ठाऊक नसताना, खाली धावत गेली होती आणि तिने त्या मुलीला मदत येईपर्यंत कुशीत धरलं होतं. ही शेजारीण त्या बातमीत नव्हतीच. पुढे इंग्लंड, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिका इथल्या रस्त्यांवरच्या सीसीटीव्हीतली २१९ भांडणं संशोधकांनी तपासली. त्यांतल्या ९१ टक्के प्रसंगांत बघ्यांपैकी कुणी ना कुणी मध्ये पडलंच होतं.

‘वाईट हे चांगल्यापेक्षा बलवत्तर’ असा निष्कर्ष रॉय बॉमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २००१ साली कितीतरी संशोधनं एकत्र अभ्यासून काढला. पैसा, नाती, टीका, पहिली छाप, जिथे पाहावं तिथे तेच. कारण समजायला सोपं आहे. धोक्याकडे दुर्लक्ष केलं तर जीव जातो, चांगल्याकडे दुर्लक्ष केलं तर फार तर एक संधी हुकते. जगायचं तर धोका आधी दिसलाच पाहिजे. जोडप्यांचा अभ्यास करणाऱ्या जॉन गॉटमन यांना टिकलेल्या जोडप्यांत असं आढळलं, की भांडणाच्या बोलण्यातही एका वाईट क्षणामागे साधारण पाच चांगले क्षण असतात. एकास एक असा हिशेब तिथे पुरत नाही.

आता तुमच्या भावाकडे याच नजरेने बघा. त्याच्या एका वाक्याने तुमच्या मनातली वीस वर्षं झाकून टाकली. त्या वाक्याआधी त्याने तुमच्यासाठी काय काय केलं असेल, ते तुमच्या पत्रात कुठेच नाही. नसेलही केलं. पण ते तपासून न बघता ‘त्याला किंमत नाही’ असा निकाल देऊ नका.

आणखी एक गोष्ट इथे काम करते. सतत मिळणारं चांगलं डोळ्यांना दिसेनासं होतं. जो रोज करतो त्याला कुणी ‘थँक्यू’ म्हणत नाही, आणि ज्या दिवशी तो करत नाही त्या दिवशी लोक त्याचा हिशेब मागतात. हे चिडण्यासारखंच आहे, मला ठाऊक आहे. पण कृतज्ञता नाही आणि कृतज्ञता बोलून दाखवली नाही, यात पुष्कळ अंतर आहे. अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी २०१८ साली लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली. पत्र मिळणाऱ्याला किती आनंद होईल याचा लिहिणाऱ्यांचा अंदाज फार कमी निघाला, आणि आपण अवघडल्यासारखं करू अशी जी भीती त्यांना होती ती अकारण मोठी निघाली. म्हणून लोक मनातलं मनातच ठेवतात. माझ्यासमोर बसून कितीतरी जण मोठ्या भावाबद्दल, एखाद्या शिक्षकाबद्दल भरभरून बोलतात. ‘हे त्यांना सांगितलंय का?’ म्हटलं की गप्प होतात.

आता सगळ्यात अवघड भाग. काही वेळा लोक चांगुलपणाकडे नुसतं दुर्लक्ष करत नाहीत, ते त्याच्यावर चिडतात. हे खोटं नाही आणि तो तुमच्या मनाचा खेळही नाही. २००८ साली १६ शहरांत एक खेळ खेळवला गेला. गटातल्या प्रत्येकाने सामायिक खात्यात पैसे टाकायचे, ते वाढून सगळ्यांना सारखे वाटले जाणार, आणि कुणाला दंड करावासा वाटला तर स्वतःचे थोडे पैसे मोडून तो करता येणार. फुकट खाणाऱ्याला दंड होईल ही अपेक्षा सगळीकडे खरी ठरली. पण काही शहरांत सगळ्यात जास्त टाकणाऱ्यांनाही दंड झाला, आणि तोही बराच. क्रेग पार्क्स आणि असाको स्टोन यांना २०१० मध्ये असंच दिसलं. भरपूर देणारा आणि स्वतः थोडंच घेणारा सभासद गटातून जावा, असं बाकीच्यांना वाटत होतं. कारणं विचारली तेव्हा काही म्हणाले, ‘त्याच्यामुळे आम्ही वाईट दिसतो.’ काही म्हणाले, ‘असं कुणी वागत नाही.’

माझ्या कामात मला जे दिसतं ते याच्याशी तंतोतंत जुळतं. लोक चांगुलपणावर चिडत नाहीत, त्या चांगुलपणापुढे आपण छोटे ठरतो याच्यावर चिडतात. ऑफिसातल्या सहकाऱ्यांचंच बघा. तुम्ही एकटे थांबून काम पुरं करता तेव्हा साहेबांच्या नजरेत वेळेवर घरी जाणारे बाकीचे कामचुकार ठरतात. तुम्ही तसं म्हणालेला नसता, तुमच्या मनातही नसतं. पण तुलना तिथे उभी राहते, आणि टिंगल करणं हा ती तुलना मोडून काढायचा सगळ्यात स्वस्त उपाय. यात तुमचा दोष आहे असं मी म्हणत नाही. आजार कुठला ते कळलं की औषध बदलतं, म्हणून सांगते आहे.

घरच्या बाबतीत हे जास्त खोल जातं. मदत घेणाऱ्यावर एक ओझं असतं. परतफेड करता येत नसली की ते वाढतं. नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी २००० साली वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींचा त्यांच्या जोडीदारांसह रोजच्या नोंदींवरून अभ्यास केला. जोडीदाराने मदत केली, पण ती परीक्षार्थीच्या फारशी लक्षातच आली नाही, अशा वेळी परीक्षार्थीचं मन सगळ्यात चांगलं राहिलं. मदत मिळतेय हे जिथे ठळकपणे जाणवलं, तिथे पुष्कळदा उदासी वाढली. ‘मला कुणीतरी सावरावं लागतंय’ ही जाणीवच जड होते. तुमच्या भावाने तुमच्या मदतीवर शिक्षण घेतलं. घरात चार माणसांत, लग्नकार्यात ‘थोरल्याने याला उभं केलं’ असं कौतुक झालंच असेल. ते तुम्हाला गोड लागलं असणार आणि त्याला टोचलं असणार, दोन्ही अगदी स्वाभाविक आहे. त्याचं वाक्य अन्यायाचं आहेच. पण त्या वाक्यात तुमच्या त्यागाबद्दल जितकं आहे, त्याहून जास्त त्याच्या त्या टोचणीबद्दल आहे.

माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. जाऊ आजारी पडली तेव्हा यांनी तिचं सगळं केलं. जेवणखाण, मुलांचा अभ्यास, औषधं. जाऊ बरी झाली आणि यांच्याशी तुटकपणे वागायला लागली. त्या रडत म्हणाल्या, ‘मी तिचं काय वाईट केलं?’ आम्ही त्या महिन्यांमधला एकेक दिवस पुन्हा डोळ्यांसमोर आणला. जावेला उठून बसता यायला लागल्यावरही तिच्या हातातून चहाचं पातेलं काढून घेतलं जात होतं. मुलांनी वही आईला दाखवायला आणली तर ‘तिला त्रास देऊ नका, मी बघते’ असं म्हटलं जात होतं. सगळं मायेपोटीच. पण त्या घरात जाऊ हळूहळू पाहुणी झाली होती. पुढे बाईंनी एक अगदी साधं केलं. एका कार्यक्रमाच्या तयारीत जावेला फोन करून म्हणाल्या, ‘मला हे जमत नाहीये, तू येशील का?’ जाऊ आली. लगेच गळ्यात गळे पडले नाहीत, पण बोलणं सुरू झालं.

यामागे एक जुनं निरीक्षण आहे. १९६९ मध्ये जेकर आणि लँडी यांनी दाखवलं, की आपण ज्याच्यासाठी काही करतो तो माणूस आपल्याला जास्त आवडायला लागतो. नेहमी देणारा माणूस समोरच्याला ही संधीच देत नाही. म्हणून तुम्हाला माझा पहिला सल्ला हाच, की भावाकडून काहीतरी घ्या. खोटंखोटं नको. ज्यात तो तुमच्यापेक्षा हुशार आहे अशी एखादी खरी अडचण त्याच्यापुढे ठेवा आणि त्याने केलेलं जसंच्या तसं स्वीकारा, दुरुस्त करायला जाऊ नका.

आता वाईट वागणाऱ्याला उत्तर कसं द्यायचं. ‘जशास तसं’ ऐकायला न्याय्य वाटतं आणि काही प्रमाणात ते आहेही. १९८० च्या सुमारास रॉबर्ट अ‍ॅक्सलरॉड या राज्यशास्त्रज्ञांनी संगणकावर एक स्पर्धा घेतली. दर फेरीला समोरच्याशी सहकार्य करायचं की त्याला दगा द्यायचा, हे ठरवायचं होतं. त्यात पहिल्यांदा सहकार्य करायचं आणि नंतर समोरचा करेल तेच करायचं, ही अगदी साधी नीती जिंकली. ती पाठवली होती अनातोल रॅपोपोर्ट या गणितज्ञांनी. पण खऱ्या आयुष्यात गैरसमज होतात, आणि एक गैरसमज झाला की ही नीती दोघांनाही सूडाच्या फेऱ्यात अडकवते. मग अधूनमधून एखादी चूक पोटात घालणारी नीती जास्त टिकते, असं पुढच्या अभ्यासांत आढळलं.

शिवाय आपण ‘तितकंच’ परत करतो, हा आपला समज असतो. २००३ साली लंडनमध्ये दोन-दोन माणसांना समोरासमोर बसवून एक सोपी गोष्ट करायला लावली. यंत्राच्या मदतीने समोरच्याने तुमचं बोट जितक्या जोरात दाबलं, तितक्याच जोरात तुम्ही त्याचं दाबायचं. दोघंही प्रामाणिक होते, तरी दर फेरीला जोर वाढत गेला. स्वतः लावलेला जोर मेंदूला कमी जाणवतो, दुसऱ्याचा आहे तेवढा जाणवतो. घरातल्या भांडणात ‘सुरुवात त्याने केली, मी फक्त तेवढंच बोललो’ हे दोघंही शपथेवर सांगतात, आणि दोघंही खोटं बोलत नसतात.

म्हणून उत्तर द्यायचं ते तुम्हाला पुरेसं वाटतं त्यापेक्षा थोडं हळू द्या. पण द्या नक्की. गप्प राहून सोसणाऱ्याला लोक सोसणाराच समजतात. मऊ सापडलं म्हणून कोपराने खणू नये, ही म्हण खणणाऱ्यासाठी आहे खरी, पण खणणाऱ्याला ती सांगावी लागते. भावाला साधारण असं म्हणता येईल: ‘तुझं ते वाक्य मला लागलं. मी जे केलं ते प्रेमाने केलं. त्यात तुला कमीपणा वाटला असेल तर तेही मला ऐकायचंय.’ यात तुम्ही स्वतःची बाजू सोडत नाही आणि त्याच्यासाठी दारही उघडं ठेवता. एवढं बोलून थांबा. जुन्या फीच्या पावत्या त्या बैठकीत काढू नका, एकही नाही.

ऑफिसात दुखणं वेगळं आहे, तिथे मर्यादा हवी. मदत मागितल्याशिवाय करायची नाही. मागितली तरी अर्धं काम मागणाऱ्याच्या हातात ठेवायचं आणि शेजारी बसून करायचं. कौतुक झालंच तर त्याचं नाव आधी घ्यायचं. ‘आज जमणार नाही’ हे कारणं न देता म्हणायचं. पहिले काही आठवडे नाराजी वाढेल, कारण लोकांची सवय मोडते. त्या काळात कोण फक्त कामापुरतं जवळ होतं आणि कोण खरंच जवळ आहे, हे आपोआप कळतं. टिंगल करणारे सगळे दुष्ट आहेत असं धरून चालू नका. गटात एकाने सुरू केलं की बाकीचे ओढले जातात, आणि एकाने थांबवलं की थांबतातही. स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञांच्या प्रसिद्ध प्रयोगात लोकांना दुसऱ्या माणसाला विजेचे वाढत जाणारे झटके द्यायला सांगितलं होतं. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. मूळ मांडणीत ४० पैकी २६ जण हुकूम मानत शेवटच्या झटक्यापर्यंत गेले होते. बरोबरच्या दोघांनी उघडपणे नकार दिलेला पाहिला, तेव्हा ४० पैकी फक्त ४ गेले. तुमच्या ऑफिसात असा एखादा माणूस शोधा, जो टिंगलीत हसत नाही. असतोच. त्याच्याशी आधी बोला.

यापुढे चांगलं वागावं का, याला माझं उत्तर हो असं आहे. मात्र ज्याला मदत नको आहे त्याला ती देणं थांबवा, आणि जी देताना आतून राग येतो तीही. राग येतोय याचा अर्थ तुम्ही तुमच्या ताकदीबाहेर देताय. काही माणसं खरोखरच फक्त ओरबाडतात. दोनदा स्पष्ट सांगून पाहिलं, वागणं बदललं नाही, तर तिथून बाजूला होण्यात काहीही वाईट नाही, मग ती रक्ताची का असेनात. भाऊ त्यातला आहे असं तुमच्या पत्रावरून मला वाटत नाही. त्याच्याशी बोलायचं ठरवाल तेव्हा घरातल्या चार माणसांसमोर बोलू नका, दोघंच असताना बोला, आणि शक्य असेल तर त्याच्या घरी जाऊन.